मशीनमध्ये फुंकायला नकार देण्याचा सल्ला तुम्हालाच गोत्यात आणेल

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: नाकाबंदीत दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला सांगितलं तर ठाम नकार द्या, स्वतःविरुद्ध पुरावा न देण्याचा हक्क घटनेनेच दिलाय, दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर केस संपली, एक ग्लास वाइन चालते, दारूचं परमिट दाखवा, अगदीच अडलं तर जागेवर दहा हजार भरून गाडी घेऊन निघा. यावर विसंबणाऱ्याची रात्र पोलीस ठाण्यात जाऊ शकते.

नकाराचा सल्ला यात सगळ्यात घातक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 203 नुसार, वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलीस चालकाला श्वासाची चाचणी द्यायला सांगू शकतो. तुम्ही नकार दिलात आणि दारू प्यायल्याचा रास्त संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक करता येते. ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी मिळते. तीही नाकारली, तर कलम 204 खाली डॉक्टरकडून रक्ताचा नमुना मागता येतो. आणि एवढं सगळं टाळलंत, तरी कलम 205 उरतंच: सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारी पक्षाच्या पुराव्याला दुजोरा देणारी बाब मानता येतो. म्हणजे जो नकार ढाल म्हणून शिकवला जातोय, तोच कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

राहिला घटनेचा दाखला. अनुच्छेद 20(3) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडण्यापासून वाचवतो. पण 1961 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सांगितलं, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. श्वास आणि रक्त हाही असाच शारीरिक पुरावा. चौकशीत गुन्ह्याची कबुली न देण्याचा तुमचा हक्क मात्र शाबूत आहे, आणि तो जरूर वापरा.

दोन तासांच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती लोकांना पटते. कलम 202 म्हणतं, की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागेल. हा हक्क खरा आहे. अटकेची वेळ कागदावर काय लिहिलीय ते पाहा, सिव्हिल हॉस्पिटलला किती वाजता नेलं ते लक्षात ठेवा. पण कोठडीतून सुटका म्हणजे खटल्यातून सुटका नाही. नाक्यावर मशीनने दाखवलेला आकडा तसाच राहतो. शिवाय वेळ काढून फारसं काही साधतही नाही. शरीर तासाला दर 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल उतरवतं. रक्तात 80 असेल तर दोन तासांनी 50 उरतं, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याचं जे कलम 185, त्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम.

वाइनबद्दल आपल्या गावात जास्तच बोलायला हवं, कारण गंगापूर धरणाकडच्या वायनरीतून रविवारी संध्याकाळी परतणाऱ्या गाड्या कमी नसतात. बारा टक्क्यांच्या वाइनच्या 150 मिलीच्या ग्लासात 18 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या जवळजवळ दीड स्मॉल पेगइतकं. साठ किलोच्या माणसाला एवढ्यानेच 30 ची रेघ गाठता येते; वजन कमी असेल किंवा पोट रिकामं असेल तर आणखी सहज. वायनरीत चव घ्यायला गेलात तर परतीसाठी न पिणारा चालक सोबत हवाच.

परमिट दारू बाळगण्या-पिण्यापुरतं असतं. गाडी चालवण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पैसे भरून निघण्याचं म्हणाल, तर कलम 185 चा गुन्हा जागेवर तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही. प्रकरण कोर्टातच जातं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. लायसन्स जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातं. नाक्यावर कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा.

मग हातात काय उरतं? पुष्कळ. मशीनला नवी नळी लावायला सांगा, आकडा स्वतः पाहा, प्रिंट मागा. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल तर तसं लगेच सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा, कारण तोंडातलं अल्कोहोल तेवढ्यात उडून जातं. रक्त काढणारा डॉक्टर पुरुष असेल तर महिलेचा नमुना दुसऱ्या महिलेच्या उपस्थितीतच घ्यावा लागतो. अटक झाली तर कारण सांगणं, नातेवाइकांना कळवणं आणि वकिलाला भेटू देणं पोलिसांना बंधनकारक आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन देण्याची तयारी असेल तर तो मिळायलाच हवा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याची तरतूदही आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.