सह्यप्रेमींच्या प्रतिक्रियेला उत्तर, आणि 'गुन्हा' या शब्दाबद्दल थोडं

सह्यप्रेमी, नमस्कार.

डिसेंबरात शाळेच्या आठवीच्या मुलांबरोबर दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते, त्यावर लिहिलेल्या लेखावर तुमची प्रतिक्रिया परवा रात्री साडेअकराला आली. मी झोपायच्या तयारीत होते. मग कसली झोप!

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सह्यप्रेमींचं म्हणणं असं: इंदूरजवळचा आमचा जानापाव डोंगर हा ज्वालामुखी नाही आणि मुलांना 'तुम्ही ज्वालामुखीच्या मुखाशी उभे आहात' असं सांगणं हा शैक्षणिक गुन्हा आहे. 43 मुलांमागे चारच मोठी माणसं घेऊन डोंगर चढणं हा बेजबाबदारपणा आहे. पातालपाणीच्या धबधब्याला मुलं नेताना 2011 साली तिथे अचानक वाढलेल्या पाण्यात माणसं वाहून गेली ती दुर्घटना कोणाला आठवली नाही का? कावडियाचे दगड 'सगळे षटकोनी' नसतात. माझं मराठी हिंदाळलेलं आहे. आणि शेवटी, 'निवृत्त शिक्षकांनी तरी लिहिण्याआधी थोडं वाचावं, ही नम्र विनंती.'

नम्र. बरं.

जे मान्य आहे ते आधी मान्य करून टाकते, म्हणजे बाई हटवादी आहेत असं कोणी म्हणायला नको. कावडियाच्या दगडांबद्दल तुमचं बरोबर आहे. देवास जिल्ह्यात, बागलीकडच्या जंगलात हा पहाड आहे आणि तिथे बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचे, खांब कुणी रचून ठेवल्यासारखे ढीगच्या ढीग पडलेत. भीमानं ते आणून टाकले अशी गोष्ट तिथली माणसं सांगतात. आमच्या एका मुलीनं खिशातून खडू काढला आणि एकेका खांबाच्या तोंडावर बाजूंचे आकडे घातले. 6, 6, 5, 6, 7, 5. मी ते तेव्हा पाहिलं होतं, घरी येऊन लिहिताना मात्र हातून 'सगळे षटकोनी' उमटलं. चूक झाली. दुरुस्त करते.

पण त्याच मुलीनं मग एक गोटा उचलून खांबावर मारला आणि पितळी घागरीवर टिचकी मारावी तसा आवाज आला. 'मॅडम, ये तो टन-टन बज रहा है!' मग काय, 43 जणांनी 43 गोटे उचलले. लाव्हा निवतो तसा आकसतो, आकसताना तडे जातात आणि ते तडे वरून खाली उतरत गेले की असे खांब सुटे होतात, हे मी सांगितलं. 'वैशाखात मामाच्या शेतात काळी जमीन फाटते तसं का?' असं एकानं विचारलं. तिथे पाणी वाळून आकसतं, इथे उष्णता जाऊन आकसतं, पण आकसून फाटणं तेच. आणि माळव्यातली ती काळी माती याच दगडाची झीज होऊन झालेली आहे. इतकं नेमकं उदाहरण मला 31 वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं. लेखातला हा भाग तुम्ही वाचला असेलच. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत अक्षर नाही.

आता 'गुन्हा'.

अहो, गुन्हा म्हणजे काय असतो? जानापाव महूच्या पुढे, आग्रा-मुंबई रस्त्याजवळ, इंदूरहून साधारण 45 किलोमीटरवर. उंची 854 मीटर. वर जमदग्नींचा आश्रम, परशुरामाचं जन्मस्थान आणि एक कुंड. (समुद्राला मागे हटवून ज्यानं कोकण वसवलं तो जन्मला आमच्याकडे. सह्याद्रीवाल्यांनी हे अधूनमधून आठवावं.) हा डोंगर ज्वालामुखी आहे असं इथे रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात. मी लहानपणापासून ऐकत आले. तुम्हाला ते ऐकून राग आला, समजू शकते. पण लेखात ते वाक्य जिथे आलंय त्याच्या पुढच्याच परिच्छेदात मी काय लिहिलंय? की दख्खनचा लाव्हा चित्रातल्यासारख्या शंकूच्या टोकातून उसळला नाही, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो पसरत गेला. हे सगळं सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं. आजही त्या थरांनी अंदाजे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख झाकलाय. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात त्या भेगांमध्येच थिजून राहिलेल्या लाव्हाच्या भिंती दिसतात, त्यांना डाइक म्हणतात. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, कारण थरावर थर बसून डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. हे सगळं त्या लेखात आहे. तुम्ही मला जे शिकवायला निघालात ते मीच लिहिलेलं आहे!

मग 'मुखाशी' का लिहिलं? कारण वरच्या कुंडाजवळ पोरं डबे उघडून बसली होती, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरत होती, आणि एकानं भोकाभोकांचा एक दगड माझ्यापुढे धरून विचारलं, 'यात उंदीर राहत होते का?' त्याला मी सांगितलं, यात वायूचे बुडबुडे होते, तू जिथे बसून पोहे खातोयस ते सगळं एकेकाळी वाहतं, लाल, पेटलेलं होतं. त्याचा चमचा हवेतच राहिला. त्या चेहऱ्यासमोर मी 'बाळा, तांत्रिकदृष्ट्या हे भेगी उद्रेकाचं क्षेत्र असून' असं सुरू करायचं होतं का? लेखात तोच क्षण लिहिताना 'मुखाशी' आलं. साहित्यात याला काहीतरी म्हणतात. तुम्ही वाचत असाल तर ठाऊक असेल.

चुकीचं शिकवणं म्हणजे काय हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही, कारण ते मी भोगलंय. 1971 च्या उन्हाळ्यात, सातवीतून आठवीत जाताना, मी मामाकडे मेहकरला गेले होते. इंदूरहून मीटरगेजनं महू, पातालपाणी, कालाकुंड, खंडवा करत अकोल्याला, आणि पुढे एसटीनं. कालाकुंडला आईनं पळसाच्या पानावरचा कलाकंद घेऊन दिला होता, तो खंडव्यापर्यंत पुरवून खाल्ला. मामा शाळामास्तर. त्यांनी आम्हाला लोणारच्या काठावर उभं केलं आणि छाती फुगवून सांगितलं, 'पाहा पोरींनो, हे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड!' मी परत येऊन त्यावर निबंध लिहिला, वर्गात वाचून दाखवला, बाईंनी पाठ थोपटली. पुढे एम.ए.ला असताना कळलं की ते उल्केच्या आघातानं पडलेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद विवर आहे. 1973 मध्ये तिथल्या दगडातल्या आघाताच्या खुणांवर संशोधन प्रसिद्ध झालं आणि शंकेला फारशी जागा उरली नाही. बेसॉल्टमध्ये पडलेलं असं विवर जगात दुर्मीळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेसुद्धा तिथे येतात. मला त्या दिवशी मामाचा राग आला का? नाही आला. मी भूगोल घेतला तो मामामुळे. त्या काठावर उभं राहिले नसते तर घेतलाच नसता. मामाला कोणी गुन्हेगार म्हटलं असतं तर मी त्याच्याशी आयुष्यभर बोलले नसते.

तुम्ही म्हणाल, म्हणजे चुकीचं सांगितलं तरी चालतं? तसं मी म्हटलेलं नाही. शब्द फिरवू नका.

आणखी एक सांगते. जानापाववर मी मुलांना सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीसाठी उभं केलं तिचा लाव्हाशी थेट संबंधही नव्हता. इथून साडेसात नद्या निघतात असं म्हणतात. साडेसात का, ते पुजारीबुवांना विचारलं तर ते हसले. पण चंबळ इथली, हे नक्की. ती उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात. आणि इथूनच दक्षिणेला उतरणारी चोरल जाते नर्मदेला, म्हणजे खंभातच्या आखातात. मी पाण्याची बाटली घेतली आणि थोडं पाणी उत्तरेच्या उतारावर, थोडं दक्षिणेच्या उतारावर ओतलं. पोरं दोन्हीकडे धावली. जलविभाजक हा शब्द त्या वर्गाला आता कुणी विसरायला लावू शकत नाही. यावरही तुमच्याकडे शब्द नाही. तुम्हाला फक्त 'मुख' दिसलं.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही.

चार मोठी माणसं होती, दोन वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि मी. डोंगर काही हरिश्चंद्रगड नाही, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. आम्ही मुद्दाम पायवाटेनं गेलो इतकंच. एका मुलीचा पाय मुरगळला हे मीच लेखात लिहिलं होतं, लपवलं नाही. सरांनी तिला पाठुंगळी घेतलं, ती वाटभर सरांच्या कानाशी गाणी म्हणत होती. वर पोचेपर्यंत पाणी संपलं होतं हे खरं, पण मंदिरात मिळालं. कुठल्याही सहलीत असं थोडंफार होतंच.

पातालपाणीचं 2011 मला आठवतं. तुमच्यापेक्षा जास्त, कारण ते आमच्या घरापासून तासाभरावर घडलं. ते जुलैत. आम्ही डिसेंबरात गेलो, धार करंगळीएवढी होती आणि मुलं खाली उतरली नाहीत.

आणि माझं मराठी. मी पहाड म्हणते, 'दोन घंटे लागले' म्हणते, आणि रागावले की हिंदीत रागावते, कारण ते जास्त लागतं. होळकरांबरोबर इथे आलेल्या घरांतलं हे मराठी आहे. तुमच्याकडे 'चिल मारूया' म्हणतात, त्याला आम्ही कधी हसलो का? (हसलो. पण लिहून पाठवलं नाही.)

'लिहिण्याआधी थोडं वाचावं' याला उत्तर देणार होते. दोन परिच्छेद लिहिले, मुलानं वाचून 'आई, हे काढ' म्हटलं, म्हणून काढले.

तुम्ही टोपणनावानं लिहिता, सह्याद्रीतले दीडशे किल्ले पाहिल्याचं सांगता. चांगलं आहे. इंदूरला आलात तर कळवा, जानापावला घेऊन जाईन, आणि कुंडाशी बसून तुम्ही मला भेगी उद्रेक समजावून सांगा. पोहे माझ्याकडून.

मूळ लेखात 'सगळे षटकोनी' खोडून 'बरेचसे षटकोनी, काही पाच नाहीतर सात बाजूंचे' असं केलं आहे. 'ज्वालामुखीच्या मुखाशी' तसंच राहील. आणि मुरगळलेल्या पायाला बांधायला क्रेप बँडेज माझ्या पिशवीत होतं, ते लिहायचं राहून गेलं होतं, तेही आता घातलंय.