आय सोबत असताना

गाईड म्हणाले, लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये, म्हणजे हो-नाही निकालाची शक्यता काढायच्या गणितात, हात बसवायचा तर आधी घरचेच आकडे घ्या. मी वही काढली आणि बेळगावच्या गणपत गल्लीतली भाजीखरेदी टिपू लागलो. भाव उतरला की 1, नाही उतरला की 0. पुढं दोन रकाने : मी कन्नडात बोललो का, आणि आय सोबत होती का.

माझं कन्नड म्हणजे ‘स्वल्प कडिमि माड्री’ (थोडं कमी करा) एवढंच. त्यावर भाजीवाली धो धो कन्नड सुरू करते, मी मान हलवतो, शेवटी तीच मराठीत म्हणते, “पिशवी धर की नीट!” तरी ते तीन शब्द कामाला येतात. आय भाषेच्या भानगडीत पडतच नाही. मेथीची जुडी उचलते, देठ बघते, न बोलता परत ठेवते. भाव तिथंच पडतो.

मॉडेल चालवलं. कन्नड आणि आय यांच्या गुणाकाराचा कोएफिशंट, म्हणजे त्या जोडीसाठी मॉडेलनं काढलेला आकडा, शून्याला टेकलेला. आय असो-नसो, कन्नडानं ऑड्स, म्हणजे भाव उतरण्याचं न उतरण्याशी प्रमाण, दुप्पटच. ‘इंटरॲक्शन नाही’, म्हणजे एकामुळं दुसऱ्याचा परिणाम बदलत नाही, असं लिहून मी मोकळा झालो.

चहा ठेवता ठेवता आयनं तक्ता बघितला. मी एकटा, मराठीत : 50 टक्के वेळा भाव उतरला. एकटा, कन्नडात : 67. आय सोबत, मराठीत : 90. कन्नडात : 95.

“एकटा गेलास की सतरा वाढायलेत, मी असले की पाचच. आणि फरक नाही म्हणून लिहिलायस?”

“अगं, ऑड्स बघ. एकास एकचे दोनास एक, नवास एकचे अठरास एक. दोन्हीकडं दुप्पटच की!”

“दुप्पट तुझ्या वहीत. शंभरातल्या नव्वद येळा भाव मीच पाडते. उरल्या दहा. त्यात तुझं कन्नड काय कमवणार?”

रात्री शोधाशोध केली. ‘इकॉनॉमिक्स लेटर्स’ या नियतकालिकात 2003 सालीच दोघांनी लिहून ठेवलंय : लॉजिटमध्ये, म्हणजे याच रिग्रेशनमध्ये, गुणाकाराचा कोएफिशंट म्हणजे संभाव्यतेतला इंटरॲक्शन परिणाम नव्हे. कोएफिशंट शून्य असला तरी परिणाम असू शकतो, कधी चिन्हसुद्धा उलटं निघतं. माझ्याच वहीत शून्याच्या जागी पाच वजा सतरा, म्हणजे उणे 12 टक्के दडून बसले होते.

लेखकांची आडनावं वाचली आणि कपाळाला हात लावला. आय आणि नॉर्टन.

सकाळी तिला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“ते नॉर्टन कोण रे? बाजारात कधी दिसलं नाही.”