सात पॉइंट बासष्टची चटणी

माझ्या सासऱ्यांनी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली आणि निवृत्त होताना पिट्ठू (पाठीवरची पिशवी), कांबळं, मेसटिन (जेवणाचा डबा), चहाचा मग असा एकेक नग मोजून स्टोअरला परत केला. आयुष्यात एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं, असं ते अजून सांगतात. आणि त्यांचा जावई, म्हणजे मी, तसलाच माल गेली आठ वर्षं पदरचे पैसे घालून घरी आणतोय.

सुरुवात मगानंच झाली. भाचीच्या लग्नाला पुण्याला गेलो होतो. रविवार होता, जुना बाजार भरला होता आणि मुहूर्ताला दोन तास होते. मुहूर्त चुकला. कार्यालयात शिरलो ते इनॅमलचा एक पांढरा, निळ्या काठाचा, तीन ठिकाणी टवके उडालेला मग घेऊन. बुडाशी बाणाच्या टोकासारखी खूण होती. ब्रिटिश सरकार आपल्या मालावर ही खूण ठोकायचं, म्हणजे कुणी पळवला तर ओळखू यावा.

"म्हणजे चोरीचा हाय," बायको म्हणाली आणि अक्षता टाकायला वळली. त्या मगात चहा घेतला की आधी ओठ भाजतात, आणि ओठांची आग शमेपर्यंत चहा गार होतो.

पण वेड लागलं ते लागलंच. मगापाठोपाठ पिट्ठू आला, मच्छरदाणी आली, ग्राउंडशीट आली. बायकोला मी इतिहासातनं पटवायला गेलो. म्हटलं, आपल्या आजोबांची पिढी 'डिस्पोजलचा माल' हा शब्द तोंड भरून बोलायची. महायुद्ध संपल्यावर सरकारनं उरलेल्या जीपा, तंबू, बूट विकायला काढले, त्यावर कितीकांचे संसार उभे राहिले. लांब कशाला, आपलं वळिवडं घे. युद्धात देशोधडीला लागलेली पाचएक हजार पोलिश माणसं, बायका-पोरंच जास्त, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिली. ती गेली आणि फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांनी त्याच जागेवर बाजार उभा केला. तेच आजचं गांधीनगर. अख्खा कोल्हापूर जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला जिथं जातो, ते गावच मुळात युद्धातनं उरलेलं!

"मग तिथनं साडी आणा की," ती म्हणाली. "मच्छरदाण्या कशाला आणताय? आणखी एक डबडं घरात आलं तर मी माहेराला जातो बघा." (आमच्याकडं बायकाही 'जातो'च म्हणतात. त्यानं धमकीला वजन येतं.)

माहेर म्हणजे सैनिक टाकळी. शिरोळ तालुक्यातल्या या गावातनं एवढी माणसं फौजेत गेलीत की 'सैनिक' हा शब्द गावाच्या नावातच जाऊन बसलाय. तिथनं अप्पा, म्हणजे माझे सासरे, दर दोन महिन्यांनी गुडघा दाखवायला कोल्हापूरला येतात. गुडघा दाखवून झाला की माझा सगळा संग्रह कॉटवर मांडायला लावतात. पट्ट्याची बक्कल पट्ट्याच्या रेषेत पाहिजे, मगाचा कान उजवीकडं पाहिजे. मग हात मागं बांधून पाहणी.

फौजेच्या स्टोअरच्या वहीत वस्तूचं नाव आधी येतं आणि विशेषण मागनं. इनॅमलचा मग नव्हे, 'मग, इनॅमल'. इंग्रजांनी लावलेली सवय. वहीत सगळे मग एका जागी सापडतात. अप्पा निवृत्त झाले तरी ही वही त्यांच्या डोक्यातनं निवृत्त झालेली नाही.

"पिट्ठू, फाटका, एक. बी.ई.आर."

बी.ई.आर. म्हणजे वस्तूच्या किमतीपेक्षा तिच्या दुरुस्तीचा खर्च जास्त. टाकून द्या.

"मच्छरदाणी, भोकाची, एक. बी.ई.आर. ग्राउंडशीट, चिकट, एक. बी.ई.आर." कॉट संपली. नजर माझ्यावर आली. "जावई, हौशी, एक." एवढं बोलून थांबले.

"म्हणा की पुढचं, अप्पा," बायको दारातनं म्हणाली.

एका बाबतीत मात्र ते थट्टा चालवून घेत नाहीत. वर्दी. जुनी, फाटकी, बाजारात उघड्यावर विकायला ठेवलेली असली तरी अंगात घालायची नाही. "ती मिळवावी लागते, जावईबापू." कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे. आपण शिपाई आहोत असं भासवायला तसला पोशाख घालणं गुन्हा आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या नव्या गणवेशाचं डिझाइन तर लष्करानं रीतसर नोंदवून ठेवलंय. मला ते पटतं. म्हणून मी वर्दीच्या वाटेला न जाता स्कूटरला ऑलिव्ह ग्रीन रंग मारला.

चार दिवस काय रुबाब होता! पाचव्या दिवशी दाभोळकर कॉर्नरला हवालदारानं आधी सॅल्यूट ठोकला, मग माझं पोट बघून हात खाली घेतला. मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम मला तिथं भर चौकात समजला. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. स्कूटर उद्यमनगरात नेली, तर रंगारी म्हणाला, "तयार रंग गुलाबीच हाय. जोतिबाच्या गुलालासारखा दिसंल." दिसतो.

जेरीकॅनची गोष्ट जरा निराळी आहे, कारण तिच्यावर माझा खरा जीव होता. १९३७ साली जर्मनांनी बनवलेली ही वस्तू इतकी बिनचूक की इंग्रजांनी शत्रूचीच नक्कल केली आणि नावही शत्रूचंच ठेवलं. 'जेरी' म्हणजे त्यांच्या शिपायांच्या बोलीत जर्मन. २० लिटर माल, वर तीन मुठी. दोन रिकामे कॅन एका हातात मावतात आणि भरलेला एक कॅन दोघांना दोन बाजूंनी धरता येतो. हे सगळं मी बायकोला ऑगस्ट २०१९ च्या पुरात टँकरच्या रांगेत उभं राहून सांगत होतो. पाणी उपसणारे पंपच पाण्याखाली गेलेले, गावभर पाणी आणि नळ कोरडा. सगळ्यांच्या हातात घागरी नि बादल्या, माझ्या हातात जेरीकॅन. पहिल्यांदा वाटलं, आपलं आयुष्य सार्थकी लागलं.

घरी चहा झाला. पहिला घोट घेऊन बायकोनं कप खाली ठेवला. "ह्यात आधी काय हुतं?"

डिझेल होतं. चार वेळा धुतला होता मी, पण डिझेलची निष्ठा दांडगी. फोनवर अप्पा म्हणाले, "पाण्याचा कॅन वायला आणि तेलाचा वायला, हे रंगरूटालाबी कळतंय." जर्मन लोक पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली मारत, हे मी नंतर वाचलं. त्या चहावर आम्ही आणखी दोन दिवस काढले.

एवढ्यावर माणूस सुधारतो. मी गॅस मास्क आणला.

सोव्हिएत बनावटीचा, जीपी-५. राखाडी रबराचं मुंडकं, काचेचे दोन गोल डोळे आणि तोंडापुढं डब्यासारखा फिल्टर. अणुयुद्ध झालंच तर नागरिकांना वाटायला १९६२ पासून त्यांनी हे ढिगानं बनवले. अणुयुद्ध झालं नाही, पण एप्रिल आला. कोल्हापुरात एप्रिल म्हणजे चटणी. (बाहेरगावच्यांसाठी : आमच्याकडं लाल तिखटाला चटणी म्हणतात, आणि ती वर्षाची एकदम करतात.) रंगाला ब्याडगी मिरची, जाळाला संकेश्वरी, वर कांदा, लसूण, खोबरं, तीळ. हे सगळं डंकावर कांडायला न्यायचं काम माझं. डंकाच्या खोलीत उभं राहणं म्हणजे काय, ते ज्याच्या नाकात गेलंय त्यालाच ठाऊक.

आदल्या रात्री वाचनात आलं की त्या काळच्या फिल्टरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. मी सुज्ञपणे फिल्टर काढून ठेवला. आता उरलं काय? एक घट्ट रबरी मुंडकं आणि बरोबर नाकासमोर एक भोक. मिरचीची धसक त्या भोकातनं आत येत होती आणि आतच मुक्काम करत होती. डोळ्यांतनं धारा लागल्या, पण काचेआडचे डोळे चोळणार कसे? मी हातवारे करू लागलो तसं एक पोरगं किंचाळत आईच्या पदराखाली शिरलं आणि डंकवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं बया, करोना परत आला काय गं?"

मास्क निघेना. दोन बायकांनी खांदे धरले, मावशींनी मुंडकं ओढलं. मास्क निघाला, त्याबरोबर कानावरचे होते नव्हते ते केसही. अप्पांना हे कळायचं ते कळलंच. "मास्क किती सेकंदांत चढवायचा ह्याचं ड्रिल असतंय," ते म्हणाले. "उतरवायला तीन बायका लागत्यात, हे कुठल्या ड्रिलात न्हाई बघा."

मास्क माळ्यावर गेला. चटणी बरणीत गेली. जुलै लागला, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं, घराच्या भिंतींना ओल आली आणि एक दिवस बायको बरणीत बघून मटकन बसली. आठ किलोच्या चटणीला जाळी धरली होती.

माझी हत्यारं तेव्हा एका दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीत असत. पत्र्याची, हिरवी. झाकणाला आतनं रबराची पट्टी, वरनं कडी दाबली की खट्ट. ओल गोळीचीही वैरीण, म्हणून ही एवढी कडेकोट व्यवस्था. बायकोनं पेटीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझं काळीज लकाकलं.

पाने, पक्कड, प्लग काढायची नळी, सगळं फरशीवर ओतलं गेलं. पेटी घासली, तीन दिवस उन्हात ठेवली. माहेरनं नवी चटणी आली, ती जाड पिशवीत भरून, हिंगाचे खडे घालून आत ठेवली. खट्ट. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला. चटणी जशीच्या तशी, रंगाला लालभडक.

पेटीवर पिवळ्या अक्षरांत '७.६२ मि.मी. बॉल' लिहिलेलं आहे. शेजारच्या काकूंना वाटलं, क्रिकेटचं सामान. त्यांना समजावलं, ७.६२ हा बंदुकीच्या नळीचा आतला व्यास, आणि बॉल म्हणजे साधी गोळी. ठासणीच्या बंदुकीत शिशाचे गोळे भरायचे, तेव्हापासूनचा शब्द. काकूंनी त्यातलं एवढंच धरलं की ही चटणी बंदुकीची आहे. आता गल्लीतनं वाट्या येतात, "वहिनी, दोन चमचे सात बासष्ट द्या की." जावांनी पेट्यांची मागणी नोंदवलीय. बायको मला सांगते, रबर नीट बघून आणा, झाकण वाकडं नको, हिरवाच रंग पाहिजे. मी किंमत सांगितली की म्हणते, "मगाला पैशे हुते न्हवं?"

अप्पा आले. कॉट मांडलेली नव्हती. सरळ स्वयंपाकघरात गेले, कडी उघडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि कडी लावली.

"पेटी, चटणीची, एक. सर्व्हिसेबल."

माझी हत्यारं आता त्या चिनी मातीच्या बरणीत असतात. ती मी धुतली, चार वेळा. परवा स्कूटरचा प्लग काढताना घाम आला, म्हणून त्याच हातानं डोळा पुसला. बायकोनं माळ्यावरनं मास्क काढून दिला.