चंद्रावर पोचलो, मग तेजसला इंजिन अमेरिकेचं का?

हा प्रश्न अधूनमधून फिरत येतो आणि त्याखाली शास्त्रज्ञांना शिव्या. अहो, रॉकेटचं इंजिन काही मिनिटं पेटतं, काम संपतं. लढाऊ विमानाच्या इंजिनाने तापत-निवत हजारो तास काढायचे असतात. खरी मारामारी आहे टर्बाइनच्या, म्हणजे इंजिनातल्या गरम वायूने फिरणाऱ्या चाकाच्या, छोट्याशा पात्यांवर.

पाती निकेलच्या मिश्रधातूची. धातू १३०० अंशांच्या थोडं पुढे वितळतो, आणि भोवतालचा वायू त्याहून गरम! शिवाय फिरण्यामुळे एकेका पात्यावर काही टनांची ओढ. साध्या ओतकामात धातूचे असंख्य छोटे स्फटिक, म्हणजे कण, तयार होतात आणि त्यांच्या सीमांवरच पातं हळूहळू ताणून तुटतं. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात.

मेणाचा नमुना करायचा, आत थंड हवेच्या वाटांसाठी सिरॅमिकचा गाभा. वरून सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण काढायचं, साचा भाजायचा. निर्वात भट्टीत साधारण १५०० अंशांना धातू ओतायचा आणि पाण्याने गार ठेवलेल्या तांब्याच्या तबकडीवरचा साचा भट्टीतून मिनिटाला जेमतेम ३-४ मिलिमीटर खाली ओढायचा, म्हणजे धातू तळापासून वर गोठत जातो. तळाशी पुष्कळ कण उगवतात. त्यावरची पिळाची नळी एकालाच वर जाऊ देते. शेवटी गाभा गरम कॉस्टिकमध्ये (तीव्र अल्कलीत) विरघळवायचा.

ओढण्याचा वेग आणि भट्टीचं तापमान यांचा मेळ चुकला, की पात्याच्या बुडाशी जिथे धातू आडवा पसरतो तिथे भलताच कण उगवतो. गाभा जरा सरकला की भिंत पातळ. सगळ्यात चीड आणणारा दोष वेगळाच. साचा फोडताना ठोका बसला तर तेव्हा काहीच दिसत नाही. पुढे उष्णोपचारात १३०० अंशांच्या आसपास नेमके तिथेच नवे कण फुटतात. इतक्या मेहनतीचं पातं भंगारात!

तरी डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबादमधल्या धातू प्रयोगशाळेने, डीएमआरएलने, हे साधलंय. २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० पाती एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीला दिल्याचं डीआरडीओने जाहीर केलं. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ हे बंद करा.

माझ्या मते घोडं अडतं ते चाचणीवर. तेजससाठी देशात बनवायला घेतलेलं कावेरी इंजिन हवेत तपासायला २०१० मध्ये रशियात नेऊन आयएल-७६ विमानाला टांगावं लागलं, कारण इंजिन टांगून तपासण्यासाठी सज्ज केलेलं विमान आपल्याकडे नव्हतं. पात्यात केलेला बारीकसा बदलही इंजिनात घालून चालवल्याशिवाय कळत नाही. परक्याच्या दारात तारीख मिळेपर्यंत तो बदल फाइलीत पडून राहतो. नव्या इंजिनाचा करार कुणाशीही करा. उडती चाचणी आणि उंचीवरच्या विरळ हवेचा चाचणीकक्ष यांचा पैसा त्याआधी मंजूर व्हायला हवा.