कागदी आधार रद्द झालेलं नाही

व्हॉट्सॲपवर पुन्हा एक मेसेज फिरतोय: "कागदावरचं आधार आता चालणार नाही, दुकानातून प्लास्टिकचं स्मार्ट कार्ड करून घ्या. अंगठा लागला नाही तर आधार रद्द आणि रेशन बंद. आधार असलं की नागरिकत्व आणि जन्मतारीख दोन्ही सिद्ध, दुसरा कागद लागत नाही." यातलं एकही वाक्य खरं नाही.

शेजारच्या मावशींनी तो वाचून लगेच दुकानातून चकचकीत कार्ड छापून आणलं. त्यावरचा क्यूआर कोड इतका पुसट आला होता की मोबाइल तो वाचेना. पोस्टाने आलेल्या, घड्या पडलेल्या कागदावरचा कोड मात्र पहिल्या खेपेलाच स्कॅन झाला.

मुळात आधार म्हणजे १२ अंकी नंबर. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला दिला गेला, तेव्हापासून पद्धत तीच आहे: नाव-पत्ता, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन घेतात, आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात आणि मगच नंबर देतात. नोंदणी मोफत असते. नंबर खरा की खोटा हे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडच्या (यूआयडीएआय) नोंदीवरून किंवा क्यूआर कोडवरून ठरतं, कार्ड कशावर छापलंय यावरून नाही. म्हणून पोस्टाने आलेलं पत्र, डाउनलोड केलेलं ई-आधार, मोबाइल ॲपमधलं आधार आणि प्राधिकरणाकडून मागवलेलं पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकचं कार्ड, सगळ्यांची किंमत सारखीच. 'स्मार्ट आधार कार्ड' असं काही नसतंच, हे प्राधिकरणाने २०१८ मध्येच सांगितलंय. बाजारात छापलेली पीव्हीसी कार्डं घेऊ नका, असं २०२२ मध्ये बजावलंही. दुकानात आणखी एक धोका असतो. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. तो आपण काउंटरवर मोठ्याने सांगतो आणि फाइल त्या कॉम्प्युटरवर तशीच राहते.

रेशनबद्दलचा दावा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण त्याने म्हातारी माणसं घाबरतात. आयुष्यभर शेतात राबलेल्या, भांडी घासलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर (ठसा तपासणाऱ्या यंत्रावर) अंगठा लागत नाही. पण ठसा जुळला नाही म्हणून आधार रद्द होत नाही. अशा वेळी काय करायचं, याचं परिपत्रक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलंय: डोळ्यांवरून किंवा ओटीपीने ओळख पटवा, तेही जमलं नाही तर आधार पाहून, नोंदवहीत नोंद करून धान्य द्या. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ठसा जुळला नाही एवढ्यावरून कुणाला लाभ नाकारू नये, असंच म्हटलं. ज्याला नंबरच मिळालेला नाही, त्याला ओळखीचा दुसरा मार्ग द्यावा, असं आधार कायद्याचं कलम ७ सांगतं. तेव्हा "अंगठा लागत नाही, उद्या या" म्हणून कुणी आजीला परत पाठवत असेल, तर तिथेच थांबून नोंदवही मागा आणि दिलं नाही तर पुरवठा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

नागरिकत्वाचं उत्तर त्याच २०१६ च्या कायद्यात आहे. कलम ९ म्हणतं, आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. बिहारच्या मतदार यादीच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या अकरा कागदपत्रांच्या जोडीला आधार बारावं म्हणून घ्यायला लावलं, तेही फक्त ओळखीसाठी.

जन्मतारखेचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. घरात तो दाखला किंवा जन्माचा दाखला असेल, तर आधार आलं म्हणून फेकून देऊ नका.