‘पाण्यात बुडवून चांदी कळत नसते’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

सराफ बाजारात पिढीजात दुकान असलेल्या माणसाने, रागावून का होईना, माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलं याचा आनंदच आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: चांदीचं नाणं खरं की खोटं हे पाण्यात बुडवून ओळखायचे शाळकरी प्रयोग शिकवून मी गिऱ्हाइकाच्या मनात उगाच संशय भरतो, दुकानातलं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) मिनिटभरात टंच, म्हणजे शुद्धता, सांगतं, पाण्यावरून ९९९ आणि ९९० (हजारात इतके भाग चांदी) मधला फरक कळत नाही, आणि लोक धनत्रयोदशीला घेतात ती दहा ग्रॅमची नाणी, त्यांचं काय?

९९९ आणि ९९० चा मुद्दा अगदी बरोबर. शुद्ध चांदीची घनता १०.४९ (एका घन सेंटिमीटरला इतके ग्रॅम), एक टक्का तांबं मिसळलं की ती १०.४७ होते. पन्नास ग्रॅमच्या नाण्यातसुद्धा हा फरक घरच्या काट्याला पकडता येणार नाही, आणि येतो असं मी कुठे लिहिलेलंही नाही. पण ९२५ ची चांदी कुणी ९९९ म्हणून गळ्यात मारली, तर पन्नास ग्रॅमचं नाणं काट्यावरच्या पाण्यात बुडवल्यावर (कृती खाली दिली आहे) ४.७७ ऐवजी ४.८३ ग्रॅम दिसतं. ते कळतं.

आता मशीन. त्याच्याशी माझं भांडण नाही, पण ते वाचतं फक्त वरचा थर. वर चांदीचा जाड मुलामा आणि आत तांबं किंवा जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, खरं तर तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) असेल, तर पडद्यावर ९९.९ झळकू शकतं, आणि मशीन खोटं बोललं असंही म्हणता येणार नाही! मोडीला आलेली जाडजूड वस्तू तुम्ही तरी नुसत्या मशीनच्या भरवशावर घेता का? कानस फिरवूनच बघत असाल. गिऱ्हाइकाला नवंकोरं लक्ष्मीचं नाणं घासवत नाही. पाणी मात्र नाण्याला ओरखडाही न पाडता आतल्या मालाचा हिशेब देतं.

जुन्या रुपयाचं उदाहरण घ्या. १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. वजन तेच, ११.६६ ग्रॅम. कमी चांदीचं नाणं आम्लात उजळलं की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं, चांदी उरते, आणि मशीन खऱ्यापेक्षा जास्त टंच दाखवू शकतं. पाण्यात मात्र आधीचा रुपया १.१३ च्या आसपास येतो, नंतरचा १.२२ च्या. (१९४७ चा तर निकेलचा आहे, तो चुंबकालाच चिकटतो.)

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: दोन दशांश दाखवणारा काटा घ्या. पाण्याचा पेला त्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने बांधलेलं नाणं हातात धरून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा, की घनता मिळते; ती १०.४९ शी ताडून बघा. खरी गंमत बुडबुड्यांची आहे. लक्ष्मीच्या मुकुटात, कमळाच्या पाकळ्यांत हवा अडकते, आकडा फुगतो आणि चोख नाणं हिणकस ठरतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाणं हळूच हलवा, मग वाचा. इथे घाई केलीत तर काकांचा राग रास्त ठरेल.

शिसं चांदीहून जड, तांबं हलकं. दोन्हींचं माप जुळवून कुणी घनता साधेलही. पण शिशाचं नाणं बद्द वाजतं, आणि तो आवाज तुम्हाला मी सांगायला नको. बर्फ आणि चुंबकाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय सोडून द्या, दोन्हींत तांबंही सहज पास होतं.

हॉलमार्कबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, याचं नवल वाटलं. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक, आला आहे. नाण्यावर तो असेल तर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर पडताळता येतो. सध्या तो ऐच्छिक आहे, म्हणून नसला तर लगेच नाणं खोटं समजू नये. सीलबंद पाकिटातलं नाणं मीही फोडून पाण्यात टाका म्हणणार नाही; तिथे पक्की पावती आणि हा क्रमांक बघायचा.

राहिलं दहा ग्रॅमचं नाणं. एकट्याचा पाण्यातला आकडा ०.९५, आणि ९२५ चा ०.९७. एवढ्याशा फरकावर कुणाला चोर ठरवू नये, इथे आपण दोघं एकाच बाजूला. पण आत तांबं असेल तर १.१२ येतो, तो लपत नाही. घरात एकाच दुकानाची पाच नाणी साठली असतील तर ती एकत्र बांधून, एकमेकांना चिकटणार नाहीत अशी बुडवा. पाचही चांदीची असतील तर ४.७७ येईल, त्यात एक जरी मुलाम्याचं तांबं निघालं, तरी आकडा ४.९० च्या पुढे जातो. मग एकेक नाणं वेगळं तपासा, आणि सापडलेलं घेऊन पावतीसकट दुकानात जा.