चार वेढे मुरडशेंगेचे

जन्मताना बाळाचं वजन दोन किलो नऊशे भरलं होतं, चौथ्या दिवशी दोन किलो सातशे. बाकीचं दोनशे ग्रॅम बाळ गेलं कुठे, असं मी बालरोगतज्ज्ञांना जमेल तितक्या शांतपणे विचारलं.

"नॉर्मल आहे," ते म्हणाले. पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. सराफाने एवढी घट धरली असती तर आम्ही दुकान डोक्यावर घेतलं असतं. इथे फी देऊन, आभार मानून बाहेर आलो.

उचक्या लागतात? नॉर्मल. शिंकतं? नॉर्मल. झोपेत दचकतं, मधेच हसतं, शी हिरवट होते? नॉर्मल. बायकोने मोबाइलवर शू-शीची वेळेसकट नोंद ठेवली होती. एवढा चोख हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदाराने कधी ठेवला नसेल. डॉक्टरांनी त्यावरून एकदा नजर फिरवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. खरं सांगतो, त्या दिवसांत आम्हाला एखादा छोटासा, लांबलचक नावाचा, दोन दिवसांत बरा होणारा आजार हवा होता. निदान काळजी वाया तरी गेली नसती.

मग एकदा त्यांनी बाळाला हुंगलं. "वेखंड?"

बाळंतपण साताऱ्याला, सासुरवाडीला. बाहेर मुसळधार पाऊस, आत सासूबाईंचं राज्य. न्हाऊमाखू घालायला येणाऱ्या मावशी बाळाला पायांवर आडवं घेऊन कणीक तिंबावी तसं तिंबत. मग टाळूवर तेल, डोळ्यांत काजळ, अंगाला वेखंड आणि वर शेगडीवर ओवा-बाळंतशोपांची धुरी. त्या धुरात आम्हाला बाळ दिसत नसे. रडतंय म्हणजे तिथेच आहे, एवढं समजायचं. शेवटी सहाणेवर घुटी: हळकुंड, सुंठ, जायफळ, बाळहिरडा, अतिविष, मुरडशेंग. कशाचे किती वेढे द्यायचे हे सासूबाईंच्या बोटांना पाठ.

यातली मालिश तेवढी डॉक्टरांनी ठेवली, तीही हलक्या हाताने. बाकी सगळं बंद. टाळू तेलाने भरत नाही, दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते. काजळात शिसं असू शकतं. धूर छातीला वाईट. सहा महिने आईचं दूध, वर पाण्याचा थेंबही नको. "मध चाटवलात?" या प्रश्नाला आम्ही दोघं भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचू लागलो. मधात बॉट्युलिझम या विषबाधेचे जंतू असू शकतात, म्हणून वर्षभर तो नाहीच, हे त्यांनी त्या तक्त्यासमोर उभं राहून सांगितलं.

म्हणजे आम्हाला जे भयंकर वाटत होतं ते सगळं नॉर्मल, आणि घरात जे पिढ्यान्‌पिढ्या नॉर्मल ते भयंकर! दवाखान्यात आम्ही "थोडीशी घुटी चालेल ना हो?" म्हणत सासूबाईंची बाजू मांडायचो आणि घरी येऊन डॉक्टरांची. दोन्हीकडे बोलणी आम्हीच खायचो.

दीड महिन्याच्या इंजेक्शनांना सासूबाई स्वतः आल्या. डॉक्टर त्यांच्या जुन्या ओळखीचे. माझ्या बायकोलाही लहानपणी त्यांनीच तपासलेलं.

"डॉक्टर, हिला मी रोज घुटी दिली. तेव्हा तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"बोललो होतो. तुम्ही तेव्हाही ऐकलं नव्हतंत."

"मग हिचं काय वाईट झालं?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि काहीच न बोलता व्हिटॅमिन डीचे थेंब लिहून दिले. रोज ४०० युनिट, वर्षभर.

"एवढ्याशा जिवाला रोज औषध?" सासूबाई हादरल्या. जायफळासकट सगळं वाण्याचं दुकान त्याच जिवाला चाटवायला निघालेल्या त्या याच.

शेवटी तह झाला. सहा महिने बाळाला घुटी नाही. थेंब मात्र सासूबाईच देणार, त्यांच्या वेळेला, त्यांच्या मांडीवर. सहाण काही त्यांनी उचलून ठेवली नाही. हाताची सवय आहे, जात नाही म्हणाल्या. पहिल्याच सकाळी सगळं उगाळून झालं, चांदीची वाटी भरली आणि मग प्रश्न पडला.

"उगाळलेलं टाकायचं नसतं, जावईबापू."

डॉक्टरांची बंदी सहा महिन्यांच्या आतल्यांना आहे. माझं वय चौतीस. सासुरवाडीला पुढे आलेली वाटी जावयाने परत करायची कशी? वजनाप्रमाणे मला चार वेढे मुरडशेंग आणि हिरडा अंमळ जास्त, असं मापही ठरलंय. अतिविष इतकं कडू असतं की बाळाच्या वतीने मी डॉक्टरांचा मनापासून ऋणी आहे. बायको आता माझी नोंद ठेवते, वेळेसकट. सगळं नॉर्मल आहे.